दिवाणखान्यातला निकाल प्रवासाला लागू होत नाही

प्रसंग ठरलेला असतो. घरात दोन गिटारी आहेत. एक मोठी, लाकडी, रोजच्या हातातली. दुसरी आखूड, काळीभोर, कार्बन फायबरची, प्रवासात न्यायची म्हणून बरेच पैसे मोजून आणलेली. एखादा जाणता मित्र येतो. मोठीवर एक कॉर्ड छेडतो, मग तीच कॉर्ड लहानीवर छेडतो आणि मान हलवतो. ‘यात जीव नाही रे. विकून टाक आणि तेच पैसे एखाद्या बऱ्या लाकडी गिटारीत घाल.’ मालकाला ते पटतं, कारण फरक त्याच्याही कानाला कळलेला असतो. दोन दिवसांत गिटारीचे फोटो निघतात आणि जाहिरात लागते.

अशा जाहिराती पाहिल्या की वाईट वाटतं. त्यातल्या पुष्कळ गिटारींमध्ये काहीही दोष नसतो. मित्राच्या कानातही दोष नसतो. चूक असते ती परीक्षेच्या जागेत. प्रवासासाठी घडवलेल्या वाद्याची परीक्षा दिवाणखान्यात, पंख्याखाली, घरच्या मोठ्या गिटारीच्या शेजारी घेतली जाते. मग तिथे लागलेला निकाल रत्नागिरीच्या पावसाला, लेहच्या कोरड्या हवेला आणि विमानाच्या पोटातल्या आदळआपटीलाही लागू आहे, असं गृहीत धरलं जातं. तो लागू होत नाही. ‘विकून टाक’ म्हणणाऱ्यांची कारणं एकेक करून तपासली, तर त्यातली बरीचशी कार्बनबद्दल नसतातच.

पहिलं कारण अर्थातच आवाजाचं. लहान गिटारीचा खर्ज पातळ असतो हे खरं आहे, पण तो आकारामुळे. गिटारीच्या पोटातल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो. मोठ्या ड्रेडनॉट गिटारीत तो साधारण १०० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे सर्वांत जाड तारेच्या ८२ हर्ट्झच्या सुरापासून फार लांब नाही. खालच्या सुरांना त्या हवेचा आधार मिळतो. पोट लहान केलं की हा सूर वर सरकतो आणि खर्जाखालचा आधार निघून जातो. लाकडाच्या लहान गिटारीतही हेच घडतं. म्हणजे मित्राने ज्या फरकाला ‘कार्बनचा निर्जीवपणा’ म्हटलं, तो बऱ्याच अंशी लहान पोटाचा आणि मोठ्या पोटाचा फरक होता. तुलना करायचीच तर ती लाकडी ट्रॅव्हल गिटारीशी करायला हवी. ती फारसं कोणी करत नाही, कारण मोठी गिटार शेजारीच भिंतीला टेकलेली असते.

दुसरा भाग तारांचा आहे आणि तो याहून सोपा आहे. मार्टिनच्या मोठ्या गिटारीत नटपासून सॅडलपर्यंतची लांबी २५.४ इंच असते. ‘बेबी टेलर’ ही लाकडी आणि ‘कार्गो’ ही कार्बनची, या दोन्ही आखूड गिटारींत ती पावणेतेवीस इंच आहे. तीच तार त्याच सुरात लावली, तर तिचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. हिशेब मांडला तर ताण जवळजवळ २० टक्क्यांनी उतरलेला निघतो. तार सैल पडते, जोरात छेडली की फ्रेटवर खरखरते आणि आवाज लेचापेचा वाटतो. बाराच्या सेटऐवजी तेराचा सेट लावला की ताण १७ टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि नुकसान बहुतेक भरून निघतं. आपल्या गिटारीला तो जाड सेट चालतो ना, एवढं बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावं. विकायला काढलेल्या किती गिटारींवर मालकाने हा प्रयोग केलेला असतो? ॲक्शनचंही, म्हणजे फ्रेटपासून तारांच्या उंचीचंही, तसंच. बाराव्या फ्रेटवर तार एक मिलिमीटरने खाली आणायची असेल, तर सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं. हे काम कुठल्याही बऱ्या दुरुस्तीवाल्याला येतं आणि कार्बनच्या गिटारीतही सॅडल वेगळं, बाहेर निघणारंच असतं. ‘हाताला जड जाते’ म्हणून विकलेल्या गिटारीला अनेकदा फक्त एका सेटअपची गरज होती.

‘पण लाकूड ते लाकूडच’ हा विचार मनात इतका खोल रुतलेला आहे की त्याचाही समाचार घ्यायला हवा. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. फाइल्ड गिटार्सच्या रॉजर बकनॉल यांनी त्यासाठी सहा गिटारी बनवल्या होत्या. सगळं शक्य तितकं सारखं ठेवलं होतं, फक्त पाठीची आणि बाजूंची लाकडं वेगवेगळी होती, महाग शिसवीपासून स्वस्त लाकडापर्यंत. ५२ वादकांनी मंद उजेडात, वेल्डरचे काळे चष्मे लावून त्या वाजवल्या. आवाजाच्या एकूण दर्जाला त्यांनी दिलेले गुण जवळपास सारखेच निघाले. हा प्रयोग पाठीच्या लाकडाचा होता, पुढच्या फळीचा नव्हता, आणि त्यात कार्बन नव्हता. त्यामुळे ‘कार्बन आणि स्प्रूस एकच’ असं त्यावरून म्हणता येणार नाही. पण नाव डोळ्यांसमोर असताना कान किती ठामपणे बोलतो आणि डोळ्यांवर पट्टी आल्यावर तोच कान किती घुटमळतो, हे त्यातून चांगलं दिसतं.

प्रवासाच्या ‘लाकडी’ गिटारींमधलं लाकूड तरी किती असतं? एड शीरनने जगभर नेलेल्या ‘लिटल मार्टिन’ एलएक्स१ मालिकेतल्या गिटारीची पुढची फळी स्प्रूसची आहे, पण पाठ आणि बाजू उच्च दाबाखाली दाबलेल्या लॅमिनेटच्या आहेत, म्हणजे कागद आणि रेझिनच्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा टेबलावर जो सनमायका चिकटवतात, त्याच जातकुळीतली ही वस्तू. असल्या लहान गिटारी आणि एक लूप पेडल एवढ्या भांडवलावर शीरनने जुलै २०१५ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर एकट्याने तीन रात्री कार्यक्रम केले. रेझिनने गाण्यातला जीव घेतला, अशी तक्रार तिथे आलेल्या हजारो श्रोत्यांकडून ऐकू आली नाही.

कार्बनची गिटार म्हणजे अलीकडचं एखादं प्लास्टिकचं खेळणं, हाही गैरसमज आहे. चार्ल्स कॅमन हे अमेरिकेतले हेलिकॉप्टर बनवणारे अभियंते आणि स्वतः गिटारवादक होते. पात्यांच्या कंपनांचा अभ्यास करता करता त्यांनी १९६० च्या दशकात ओव्हेशन गिटारी काढल्या, आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर त्याच कारखान्यातून ‘अडामास’ आली. तिच्या पुढच्या फळीत बर्चच्या पातळ लाकडाला दोन्हीकडून कार्बनचे थर होते. म्हणजे या विद्येला आता जवळपास पन्नास वर्षं झाली. बॉस्टन सिम्फनीचे चेलोवादक लुइस लेगिया यांनी पुढे कार्बनचा चेलो घडवला. यो-यो मा यांच्याकडे तसला एक चेलो आहे, आणि त्यांच्याकडेच माँटान्याना या कारागिराचा १७३३ सालचा चेलोही आहे. कार्बनचा चेलो माँटान्यानासारखा वाजत नाही म्हणून तो काढून टाकावा, असा हिशेब त्यांनी केलेला दिसत नाही. दोन वाद्यांची दोन कामं आहेत, एवढंच.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने मान्य करायला हवी. स्प्रूसची फळी वर्षानुवर्षं वाजून खुलत जाते, असा वादकांचा अनुभव आहे. कार्बन पहिल्या दिवशी जसा वाजतो तसाच दहाव्या वर्षीही वाजतो. ज्याला वाद्याबरोबर म्हातारं व्हायचं आहे, त्याने घरी लाकडीच वाजवावी. प्रश्न घराबाहेरचा आहे.

आणि घराबाहेर हवा असते. गिटार बनवणारे लाकडी गिटारीसाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सांगतात. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ती २० टक्क्यांच्या आसपास येते आणि त्याच घरात ऑगस्टमध्ये ८० च्या घरात जाते. मुंबईत, कोकणात आणि गोव्यात तर पावसाळाभर हवा ओल्या फडक्यासारखी असते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आक्रसतं. फुगलं की पुढची फळी पोट काढते, ब्रिज वर उचलला जातो, ॲक्शन वाढते, बोटं दुखायला लागतात. आक्रसलं की फ्रेटची टोकं नेकच्या कडेला बोचतात आणि एखाद्या रात्री फळी रेषेत तडकते. तीन मिलिमीटरहूनही पातळ अशी ती फळी, आणि तिच्यावर सहा तारांचा मिळून सत्तर किलोहून अधिक ताण. प्रवासात हे सगळं ऋतूंच्या गतीने न होता तासांच्या गतीने होतं. रात्रभर एसी डब्यात कोरडी झालेली गिटार पहाटे जुलैतल्या रत्नागिरीच्या फलाटावर उतरते. बनवणाऱ्याने सांगितलेले ४५ ते ५५ टक्के तिला त्या रात्री कुठेच भेटत नाहीत.

‘ह्युमिडिफायर ठेवला की झालं’ हे उत्तर कोरड्या देशांतून आलेलं आहे. तिथे हिवाळ्यात घरं तापवतात, हवा कोरडी पडते, म्हणून केसमध्ये ओलावा ठेवावा लागतो. आपल्याकडे वर्षातले चार महिने संकट नेमकं उलटं असतं. पाणी शोषणाऱ्या पुड्या मदत करतात, पण गिटार केसमध्ये बंद असेल तोवरच. वाजवायला काढली की ती पुन्हा पावसाच्या हवेत.

लाकडाचे वकील इथे अंतराळाचा दाखला देतात, आणि तो दाखला खरा आहे. मार्टिनची चिंचोळी ‘बॅकपॅकर’ १९९४ मध्ये कोलंबिया यानातून अंतराळात गेली. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २००१ पासून लॅरिव्हे कंपनीची एक लाकडी पार्लर गिटार आहे. २०१३ मध्ये अंतराळवीर क्रिस हॅडफिल्ड यांनी डेव्हिड बोवीच्या ‘स्पेस ऑडिटी’ची चित्रफीत केली, ती हीच गिटार हातात घेऊन. मग लाकूड पृथ्वीबाहेर टिकतं तर मालवणात का टिकू नये? कारण स्थानकातली हवा माणसांना राहता यावं म्हणून अहोरात्र राखलेली असते. तापमान आणि आर्द्रता ठरलेल्या मर्यादेत ठेवणारी यंत्रं तिथे चालू असतात. मालवणच्या घरात ती नसतात. त्या गिटारीने फार लांबचा प्रवास केला, पण राहिली ती एका उत्तम राखलेल्या खोलीत.

उलट उदाहरण हवाईचं आहे. जॉन डेकर या भौतिकशास्त्रज्ञाने माउई बेटावर पूर्ण कार्बनच्या गिटारी बनवायला सुरुवात केली, ती तिथल्या दमट हवेत आणि पावसात लाकडी गिटारींचे होणारे हाल पाहून. कंपनीचं नावच त्यांनी ‘रेनसाँग’ ठेवलं. माउईच्या ओल्या हवेला मिळालेलं ते उत्तर कोकणाच्या हवेलाही चालतं. कार्बन आणि रेझिनची फळी ओलाव्याने फुगत नाही, तिला वाळवी लागत नाही, आणि सप्टेंबरात कपाट उघडल्यावर बॅगेवर पांढरी बुरशी दिसली तरी आतली गिटार पुसून लगेच वाजवता येते. तारा गंजतात आणि खुंट्यांवरही डाग पडतात. पण तारा कुठेही बदलता येतात, फळी येत नाही.

कार्बनला काहीच होत नाही, असा प्रचार करणारे विक्रेतेही तितकेच चूक करतात. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत रेझिन आणि ब्रिजचा गोंद दोन्हींची कसोटी लागते. तिथे कार्बनचीही गिटार ठेवू नये. कार्बनवर जोराचा घाव बसला तर तो पत्र्यासारखा चेपत नाही. त्याला तडा जातो, किंवा थर आतल्या आत सुटतात. तशी गिटार नेहमीचा लाकूडकाम करणारा कारागीर हातात घेत नाही आणि त्याने घेऊही नये, कारण कार्बन घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना आणि त्वचेला त्रासदायक असते. कार्बनच्या काही गिटारींच्या नेकमध्ये ट्रस रॉडच नसतो. नेकचा बाक कारखान्यात ठरतो तो कायमचा. विकत घेताना हे सगळं तपासायला हवं होतं. पण ज्याची गिटार धडधाकट आहे आणि नेक सरळ आहे, त्याच्यासाठी ही विकण्याची कारणं नाहीत.

विमानाबद्दल थोडक्यात. डेव्ह कॅरल या कॅनडाच्या गायकाची टेलर गिटार २००८ मध्ये शिकागोच्या विमानतळावर सामान हाताळताना मोडली. भरपाईसाठी महिनोन्‌महिने खेटे घालून काही मिळालं नाही, तेव्हा २००९ मध्ये त्याने ‘युनायटेड ब्रेक्स गिटार्स’ हे गाणं प्रसिद्ध केलं आणि ते जगभर पोहोचलं. अमेरिकेत ६ मार्च २०१५ पासून नियम आहे की चढताना जागा असेल तर लहान वाद्य केबिनमध्ये नेऊ द्यावं लागतं. आपल्याकडच्या देशांतर्गत उड्डाणांत हातातल्या सामानाला साधारण ७ किलो आणि ५५ सेंटिमीटर लांबीची मर्यादा असते. आखूड ट्रॅव्हल गिटारही ८०-९० सेंटिमीटरची भरते. नेक सुटा होणारी गिटार सोडली, तर बाकीच्यांना काउंटरवरच्या माणसाच्या मर्जीवर राहावं लागतं. मर्जी नसली की गिटार सामानात जाते. नेमक्या त्या क्षणी आपल्या हातात कोणती गिटार असावी, याचा विचार मित्राच्या दिवाणखान्यात कोणी केलेला नसतो.

‘आत्ता विकलीस तर बरी किंमत येईल’ हा सल्लाही तपासून घ्यावा. कार्बनच्या चांगल्या गिटारी बनवणारे जगात मोजकेच आहेत. आयर्लंडमधल्या डोनेगॉल परगण्यात एमराल्ड, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये मॅकफर्सन, आणि अशी थोडी नावं. भारतात त्या बहुतेक बाहेरून येतात, म्हणजे किमतीवर वाहतूक आणि आयात शुल्क चढलेलं असतं. विकताना हे चढलेले पैसे परत मिळत नाहीत. इथला जुन्या गिटारींचा ग्राहक मार्टिन, टेलर, यामाहा ही नावं ओळखतो आणि काळी कार्बनची गिटार दिसली की घासाघीस करतो. दोन वर्षांनी पुन्हा तशीच घ्यावीशी वाटली, तर शुल्क पुन्हा पहिल्यापासून भरावं लागतं. शिवाय ती मिळेलच याचीही खात्री नसते. लुइझियानातल्या कंपोझिट अकूस्टिक्सचा कारखाना २०१० मध्ये बंद पडला होता. त्याच वर्षी पीव्हीने ती कंपनी विकत घेतली म्हणून ‘कार्गो’ पुन्हा बाजारात दिसली. छोट्या कंपन्यांचं हे असंच असतं. विकलेली गिटार परत मिळवणं हे विकण्यापेक्षा नेहमी महाग पडतं, आणि मालक हा आकडा हिशेबात धरत नाही.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. बाजारात ‘कार्बन’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक गिटार विणलेल्या कार्बन धाग्यांची नसते. एन्याच्या ‘नोव्हा गो’सारख्या गिटारी पॉलिकार्बोनेटमध्ये कार्बन मिसळून साच्यात ओतलेल्या असतात. त्या वाईट आहेत असं नाही. पावसात त्याही टिकतात आणि खूप स्वस्त पडतात. आणि पुन्हा तशी घ्यायची झाली तर ती सहज मिळते. अशी गिटार विकली तर फार काही गमावलं असं होत नाही.

पर्यावरणाचं कारण देणारेही भेटतात, आणि त्यांचं म्हणणं गंभीरपणे घ्यायला हवं. कार्बन धागा हजार अंशांहून अधिक तापमानाला तयार होतो, त्याला प्रचंड ऊर्जा लागते, आणि त्यातलं रेझिन पुन्हा वितळवून वापरता येत नाही. पण ही सगळी ऊर्जा गिटार बनली तेव्हाच खर्च झाली. ती विकल्याने त्यातला एक युनिटही परत येत नाही. उलट त्या पैशातून नवी लाकडी गिटार घेतली की आणखी एक झाड हिशेबात येतं. जगातल्या असंख्य गिटारींची पाठ ज्या शिसवीची असते, ती आपल्या दक्षिणेतल्या जंगलांतून जाते. शिसवीच्या सगळ्या जातींवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आहेत. तयार वाद्यांना त्यातून २०१९ मध्ये सूट मिळाली, तीही ब्राझीलची शिसवी वगळून. झाडाची काळजी असणाऱ्याने हातातली गिटार वापरत राहणं हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.

उरतं ते हल्ली सगळीकडे ऐकू येणारं कारण. वर्षभरात जी वस्तू वापरली नाही ती घरातून काढावी. कपड्यांना हा नियम ठीक असेल. प्रवासाच्या वस्तूला तो लावणं अन्याय आहे. मार्चमध्ये छत्री वापरली जात नाही म्हणून ती कोणी भंगारात देत नाही. ट्रॅव्हल गिटार किती वापरली हे महिन्यांनी मोजू नये, प्रवासांनी मोजावं. गेल्या पाच प्रवासांपैकी किती वेळा ती बरोबर होती? तीनदा असेल, तर ती आपलं काम करते आहे आणि तिला हात लावायचं कारण नाही. एकदाही नसेल, तर का नाही हे प्रामाणिकपणे विचारावं. तारा जुन्या होत्या म्हणून? ॲक्शन उंच होती म्हणून? हे दुरुस्त होतं. नेक अरुंद आहे, बोटं अडखळतात, मांडीवर ती नीट बसतच नाही? मग ती विकावी आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नये. लाकडी असती तरी ती विकावीच लागली असती. कोणाचं फिरणंच थांबलं असेल, तर त्यानेही ती फिरणाऱ्या एखाद्या तरुण वादकाला द्यावी, केससकट, आणि तिला कुठे काय लागलं आहे ते खरं सांगून.

बाकीच्यांना एकच विनंती आहे. जाहिरात टाकण्याआधी तारांचा नवा सेट लावा, सॅडल तपासून घ्या आणि तिला एकदा बाहेर न्या. जूनमध्ये गावी, डिसेंबरात हिमाचलात, जिथे मोठी गिटार नेण्याची तुमची छाती होणार नाही अशा ठिकाणी. तिथल्या ओसरीवर रात्री ती वाजवा आणि तिथे ठरवा. तारा बदलायला अर्धा तास लागतो, आणि जाहिरात परत आल्यावरही देता येते.